विश्लेषण : ऑनलाइन उत्तराला मिळणारी दाद दर्जाची की गर्दीची?

प्रोग्रॅम चालता चालता अडला आणि पडद्यावर लाल अक्षरांत एरर झळकला, की पुण्यातला असो वा बंगळूरुतला, बहुतेक अभियंता ती ओळ जशीच्या तशी गुगलमध्ये टाकत असे. वरच्या दोन-तीन दुव्यांत हमखास 'स्टॅक ओव्हरफ्लो' असायचे. कोणीतरी, कधीतरी, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून लिहिलेले उत्तर तिथे तयार असायचे. ते लिहिणाऱ्याला त्याबद्दल एक रुपयाही मिळालेला नसतो. मिळालेले असतात ते काही गुण आणि नावाशेजारचा छोटासा बिल्ला. एवढ्याशा कौतुकावर लाखो लोकांनी वर्षानुवर्षे फुकट, आणि बऱ्याचदा उत्तम, लेखन केले. ही दाद मिळते कशी, ती खरोखर दर्जाला मिळते का आणि आता ती का आटते आहे, याविषयी…

गुणांची पद्धत नेमकी काय?

जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. प्रोग्रॅमिंगचा प्रश्न विचारायचा, ज्याला येते त्याने उत्तर द्यायचे आणि वाचणाऱ्यांनी मत द्यायचे, अशी साधी मांडणी. उत्तर आवडल्याचे एक मत म्हणजे लिहिणाऱ्याला १० गुण. नापसंतीचे मत पडले तर २ गुण कमी. प्रश्नकर्त्याने 'हेच उत्तर मला उपयोगी पडले' अशी हिरवी खूण केली, तर आणखी १५ गुण. या गुणांना तिथे 'रेप्युटेशन' म्हणतात.

या रचनेतल्या दोन बारकाव्यांकडे सहसा लक्ष जात नाही. एक म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती द्यायची, तर देणाऱ्याचाही एक गुण खर्ची पडतो. त्यामुळे उगाच राग काढायला आलेला माणूस क्षणभर तरी थांबतो. दुसरा बारकावा असा, की मतांमधून दिवसाला २०० पेक्षा जास्त गुण मिळत नाहीत. एखादे उत्तर अचानक गाजले म्हणून कोणी एका रात्रीत मातब्बर होऊ नये, असा त्यामागचा विचार. असे असूनही जॉन स्कीट या ब्रिटनमधील प्रोग्रॅमरने २०१८ मध्ये दहा लाख गुणांचा टप्पा ओलांडला आणि तिथवर पोहोचणारा तो पहिला ठरला. दिवसाची मर्यादा लक्षात घेतली, की यामागे किती वर्षांची बैठक असेल याचा अंदाज येतो.

गुणांच्या बदल्यात काय मिळते?

खरी गंमत इथे आहे. गुण साठले की बक्षीस मिळत नाही, काम मिळते. प्रदीर्घ काळ चालत आलेल्या पायऱ्या अशा : १५ गुण झाले की दुसऱ्याला पसंती देता येते. ५० झाले की कुठेही टिप्पणी करता येते. १२५ नंतर नापसंती देण्याचा अधिकार. दोन हजारांनंतर दुसऱ्याच्या लेखनात थेट दुरुस्ती. तीन हजारांनंतर निरुपयोगी प्रश्न बंद करण्यासाठी मत. दहा हजारांवर गेलेल्या माणसाला इतरांना न दिसणारे, खोडलेले लेखनही दिसते.

म्हणजे ज्याने सातत्याने चांगले लिहिले, त्याच्या हाती हळूहळू झाडू दिला जातो. गावातल्या ग्रंथालयात रोज येणाऱ्या, पुस्तके नीट हाताळणाऱ्या वाचकाकडे एक दिवस कपाटाची किल्ली येते, तसेच काहीसे. शाल-श्रीफळ देऊन माणसाला घरी पाठवण्यापेक्षा हा सत्कार वेगळा आहे आणि बहुधा म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला.

जास्त गुण म्हणजे जास्त चांगले उत्तर?

नाही, निदान नेहमी नाही. 'विम' नावाचा एक जुना टेक्स्ट एडिटर आहे. नवख्याने तो चुकून उघडला तर बाहेर कसे पडायचे हेच कळत नाही. याबद्दलचा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर २०१२ मध्ये विचारला गेला आणि २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. त्याचे उत्तर मोजक्या कळा दाबण्याचे. अशा प्रश्नांच्या उत्तरांना हजारो मते पडतात. उलट एखाद्या डेटाबेसमधली, महिन्यातून एकदाच उद्भवणारी चूक शोधायला कोणी दोन दिवस खर्च केले, तर त्या उत्तराला तीन किंवा चार मते मिळतात. कारण ती अडचण आलेलेच जगात मूठभर असतात. गुण मोजतात ते दर्जाइतकेच वाचकांच्या संख्येला.

वेगाचाही प्रश्न आहे. आधी पडलेले उत्तर आधी वाचले जाते आणि आधी मते घेते. त्यामुळे 'दोन ओळी लगेच टाका, मग सावकाश भर घाला' ही युक्ती जुनी मंडळी सुरुवातीपासूनच ओळखून आहेत. हिरवी खूण करणारा प्रश्नकर्ता तर त्या विषयात अनेकदा सर्वांत नवखा असतो. त्याचे काम भागले, की तो खूण करून मोकळा होतो.

यावरचे उपायही त्याच व्यवस्थेत आहेत. साठ दिवसांहून जुन्या प्रश्नाला उत्तर देऊन पाच मते मिळवली, तर 'नेक्रोमॅन्सर', म्हणजे मेलेल्याला उठवणारा, असा बिल्ला मिळतो. खूण झालेल्या उत्तराला चांगली मते असूनही त्याच्या दुपटीहून जास्त मते दुसऱ्या उत्तराने खेचली, तर त्या उत्तराला सोनेरी बिल्ला. आणि कठीण प्रश्न दुर्लक्षित राहिला, तर कोणीही स्वतःच्या खात्यातले ५० ते ५०० गुण त्यावर इनाम म्हणून लावू शकतो. लावलेले गुण परत मिळत नाहीत. ज्याला खरोखर उत्तर हवे आहे, तोच हे करतो.

टिकून राहिलेली उत्तरे पाहिली, तर त्यांची जात सहज ओळखू येते. आधी नेमके काय बिघडले ते एका वाक्यात. मग चालवून पाहता येईल असा छोटा कोड. त्यानंतर हे असेच का चालते याचे कारण, आणि कोणत्या आवृत्तीत चालणार नाही याचा इशारा. पाच वर्षांनी आवृत्ती बदलली, की लेखक परत येऊन तेच उत्तर दुरुस्त करतो. या शेवटच्या कष्टाला वेगळे गुण नाहीत. नवी मते मिळत राहतात, इतकेच.

कौतुकाने माणसे खरेच जास्त लिहितात का?

याचा चक्क प्रयोग झाला आहे, तोही विकिपीडियावर. तिथे गुण नाहीत. २००३ पासून 'बार्नस्टार' नावाची एक प्रथा मात्र आहे : कोणाचे काम आवडले, तर त्याच्या चर्चापानावर जाऊन ताऱ्याचे चित्र आणि दोन शब्द लिहून यायचे. मायकेल रेस्टिव्हो आणि अर्नाउट व्हान डी रिट या संशोधकांनी सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून २०० जण निवडले आणि त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे तारे दिले. पुढच्या ९० दिवसांत तारा मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरले. हा अभ्यास २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मन विकिपीडियावर याना गॅलुस यांनी नवख्या संपादकांना असाच एक निव्वळ नावापुरता पुरस्कार दिला, तेव्हा पुढच्या महिन्यातही टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांनी वाढले. त्यांचा अभ्यास २०१७ चा.

पण नाण्याची दुसरी बाजूही संशोधकांनीच दाखवली. स्टॅक ओव्हरफ्लोवर ठरावीक संख्येने मते देणाऱ्यालाही बिल्ला मिळतो. बिल्ला जवळ आला, की लोक भराभर मते देऊ लागतात आणि तो मिळाला की हात आखडतो, असे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. जॉन क्लाइनबर्ग आणि युरे लेस्कोव्हेक हे त्याचे सहलेखक. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडून झाली, की मंडळाकडे न फिरकणारे सभासद प्रत्येक गल्लीत असतातच.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तसे ते नाहीत. बार्नस्टार अचानक येतो आणि तो कोणा माणसाने दिलेला असतो. बिल्ला किती अंतरावर आहे, हे आधीपासून दिसत असते. पहिल्यात कोणीतरी आपले वाचल्याची खात्री आहे, दुसऱ्यात मोजपट्टी.

मोजपट्टीचा गैरफायदा कसा घेतला जातो?

बनावट खाती उघडून स्वतःलाच मते देणे, मित्राला रांगेने पसंती देत सुटणे हे प्रकार जुने आहेत. अशी मते ओळखून परत घेणारा प्रोग्रॅम स्टॅक ओव्हरफ्लोवर नियमितपणे चालतो. पण सर्वांत बोलके उदाहरण ऑक्टोबर २०२० मधले. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात महिन्याभरात गिटहबवरील मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना चार बदल सुचवले, की टी-शर्ट मिळे. भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीवर असा बदल कसा पाठवायचा याचे प्रात्यक्षिक दाखवले गेले. पाहता पाहता जगभरच्या प्रकल्पांवर 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढेच दोन शब्द घुसडणारे प्रस्ताव येऊन आदळू लागले. फुकट काम करणाऱ्या प्रकल्पचालकांचा वेळ ते नाकारण्यात गेला. शेवटी काही दिवसांतच नियम बदलावा लागला : जो प्रकल्प स्वतःहून सहभागी होईल, तिथलेच बदल धरायचे. यात विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण चार हा आकडा आयोजकांनी ठरवला होता; ते चार बदल कसे असावेत, हे तपासायची सोय त्यांनी आधी केली नव्हती.

मग आकडाच लपवला तर?

तसेही झाले आहे. तंत्रज्ञानविषयक बातम्या आणि चर्चांचे 'स्लॅशडॉट' हे संकेतस्थळ १९९७ चे. तिथे लिहिणाऱ्याचे 'कर्म' आधी आकड्यात दिसे. लोक त्याकडे व्हिडीओ गेमसारखे पाहू लागले, तेव्हा आकडा जाऊन 'चांगले', 'उत्तम' असे शब्द आले. मत देण्याचा अधिकारही तिथे कायमचा नाही. अधूनमधून काही वाचकांना थोडे गुण वाटायला मिळतात आणि ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर बाद होतात. ज्या चर्चेत स्वतः लिहिले, तिथे गुण वाटता येत नाहीत. आणखी एक मजेदार नियम म्हणजे 'विनोदी' हा शेरा मिळाला, तरी कर्म वाढत नाही. हशा पिकवणे सोपे, हे चालकांनी ओळखले असावे.

मराठीतही याच्याशी नाते सांगणारी पद्धत आहे. 'ऐसी अक्षरे'वर प्रतिसादाला नुसती पसंती देत नाहीत, तर मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, खवचट, अवांतर, पकाऊ अशा श्रेणी देतात. यातला 'खवचट' हा शेरा शिवी आहे की शाबासकी, हे मराठी माणसालाच कळावे! पण लिहिणाऱ्याला आपले काय आवडले, हे त्या एका शब्दातून समजते. 'अंगठा वर'मधून ते समजत नाही.

गिटहबने २०१६ मध्ये सलग किती दिवस काम केले हे दाखवणारा आकडा काढून टाकला. त्यानंतर लांबलचक मालिका सांभाळणाऱ्यांनी त्या सोडून दिल्या आणि शनिवार-रविवारचे काम घटले, असे पुढे एका अभ्यासात दिसले. त्यातल्या किती रविवारी काम खरोखर असायचे आणि किती रविवारी फक्त आकडा राखायचा असायचा, याचा अंदाज त्यावरून यावा.

एआयने गणित कसे बिघडवले?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले. आठवड्याच्या आत स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. कारण सरळ होते : उत्तरे दिसायला नीटनेटकी, पण अनेकदा चुकीची आणि काही सेकंदांत तयार होणारी. ती तपासायला मात्र जाणकाराचा अर्धा तास जातो. पुढे कंपनीने, संशयावरून अशी उत्तरे काढू नयेत असा पवित्रा घेतला, तेव्हा बिनपगारी मॉडरेटरांनी जून २०२३ मध्ये संप पुकारला. तो ऑगस्टपर्यंत चालला. पैसे न घेता काम करणारे लोक संपावर जातात, यातच त्यांना मिळालेल्या अधिकाराची त्यांच्या लेखी किंमत काय होती हे दिसते.

मोठा फटका वेगळाच आहे. चॅटजीपीटी आल्यावर सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरील वावर सुमारे २५ टक्क्यांनी घटला, असे 'पीएनएएस नेक्सस'मधील २०२४ च्या अभ्यासाने म्हटले. चॅटजीपीटी सहज उपलब्ध नसलेल्या रशियन आणि चिनी संकेतस्थळांशी तुलना करून हा आकडा काढला आहे. प्रश्न आता खासगी चॅटमध्ये विचारला जातो, उत्तरही तिथेच मिळते. तिसरा कोणी ते वाचत नाही, चूक दाखवत नाही, मतही देत नाही. दाद द्यायला लागणारा वाचकच बाजूला झाला.

मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार जाहीर केला. सदस्यांनी लिहिलेल्या उत्तरांचा वापर, लेखकाचा उल्लेख राखून, एआयसाठी होणार होता. काही जुन्या सदस्यांनी निषेध म्हणून आपली सर्वाधिक गुणांची उत्तरे खोडायला किंवा बदलायला सुरुवात केली. मॉडरेटरांनी ती पूर्ववत केली आणि काहींची खाती तात्पुरती गोठवली. तिथे लिहिलेले सारे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असते आणि तो परवाना नंतर मागे घेता येत नाही. ती उत्तरे आजही तिथेच आहेत. खाली लेखकाचे नाव, शेजारी गुण.