तीळ, ऊन आणि तळपाय

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो कधी जुन्या तिळात सुरू होतो. बहुतेकदा मात्र कोऱ्या त्वचेवर नवा डाग म्हणून उगवतो. संशयास्पद तीळ ओळखण्याची प्रचलित कसोटी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडली: दोन्ही बाजू विषम, कडा वेड्यावाकड्या, रंग एकाहून अधिक, व्यास ६ मिलिमीटरहून मोठा. २००४ मध्ये त्यात ‘बदल’ हा निकष आला आणि तोच सर्वांत उपयोगी आहे. काही महिन्यांत वाढलेला, खाजणारा किंवा रक्त येणारा तीळ दाखवायलाच हवा.

ही कसोटी गोऱ्या कातडीवर घडली. भारतीयांत मेलानोमा कमी आढळतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे ऊन जेमतेम पोचते तिथे. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. आपल्याकडेही तळपायाचा डाग ‘कुरूप असेल’ म्हणून आणि नखातला काळेपणा ‘ठेच लागली असेल’ म्हणून सोडून दिला जातो. साकळलेले रक्त नख वाढेल तसे पुढे सरकते. एकाच नखावरची रुंदावत जाणारी काळी पट्टी सरकत नाही. तिचा रंग नखालगतच्या त्वचेवर उतरला, तर धोका अधिक. चुना-सोडा लावून किंवा पार्लरमध्ये तीळ जाळणे हा तर शुद्ध अविचार: तपासायला तुकडाच उरत नाही.

उन्हाचा प्रश्न वेगळा. हवामानाच्या ॲपवर दिसणारा अतिनील निर्देशांक ३ झाला की संरक्षण घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. महाराष्ट्रात मे महिन्यातल्या दुपारी तो ११ च्याही पुढे जातो. सावळ्या त्वचेला मेलानिनचे बरेच संरक्षण असते. कोडाचे डाग असलेल्यांना आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना ते नसते, त्यांनी उन्हाला खरोखर जपावे. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० चे ९८. जाहिरातीतला मोठा आकडा एवढ्याच फरकाचा. दुचाकीवरच्या बायकांचा सनकोट आणि स्कार्फ अधिक भरवशाचा, शिवाय तो घामाने उतरत नाही.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे उजेडात पाहावीत. पाठ घरच्या माणसाकडून पाहून घ्यावी. एक मिलिमीटरहून पातळ असतानाच सापडलेला मेलानोमा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच बरा होतो.