विश्लेषण : झाडीपट्टीतील नाटक पहाटेपर्यंत चालायलाच हवे का?

चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात धानाची कापणी आटोपली की गावोगावी नाटकांचे फलक लागतात. रात्री दहा-अकराच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटे पडतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या रात्रभराच्या नाटकाबद्दल रसिकांतच दोन तट आहेत. कथा फार संथ चालते, तीन तासांत सांगता येईल ते सहा तास ताणले जाते, असे एका बाजूचे म्हणणे. रात्र जागवत नाही ते झाडीपट्टीचे नाटकच नव्हे, असे दुसऱ्या बाजूचे. हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. त्याच्याशी हजारो कलावंत, वादक आणि तंत्रज्ञांचे वर्षाचे उत्पन्न जोडलेले आहे.

झाडीपट्टी रंगभूमी म्हणजे काय?

पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या दाट झाडीच्या, धानपिकाच्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे ७० टक्के क्षेत्र जंगलाखाली आहे. दंडार, खडीगंमत या लोककलांची येथे जुनी परंपरा आहे. त्यात संगीत नाटकाची भर पडली आणि दोन्हींच्या मिश्रणातून आजची रंगभूमी उभी राहिली. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे तिचे मुख्य केंद्र. गोंदिया-चांदा फोर्ट-बल्लारपूर लोहमार्गावरील हे गाव बराच काळ जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक होते. हंगामाआधी नाट्यमंडळांची कार्यालये येथे उघडतात आणि गावोगावची मंडळे येऊन नाटक ठरवून जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगाव हेही नाटकाचे गाव म्हणून ओळखले जाते. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीची दखल देशपातळीवर घेतली गेली.

रात्रभराची प्रथा कशी पडली?

या प्रथेमागे कलाविचारापेक्षा व्यवहार अधिक होता. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, थंडीत शंकरपट होतो. त्यासाठी पंचक्रोशीतून पाहुणे येतात, लेकी-जावई माहेरी येतात. दिवसा बैलांच्या शर्यती झाल्या की रात्री परतायचे कसे, हा प्रश्न असे. वाट जंगलाची, वाघ-अस्वलाची भीती, सायंकाळनंतर एसटी नाही आणि हाताशी बैलबंडी. एका घरात वीस-पंचवीस पाहुणे आले तर त्यांना झोपायला जागा आणि पांघरूण तरी कुठून आणणार? त्यावर नाटक हा उपाय होता. पाहुण्यांना जेवू घालायचे, रात्रभर नाटक दाखवायचे आणि उजाडल्यावर निरोप द्यायचा. म्हणजे पहाटे चारला संपलेले नाटकही तसे लवकरच संपलेले. ते उजाडेपर्यंत पुरले पाहिजे, ही यजमान गावाची गरज होती.

पाच-सहा तासांत नेमके काय घडते?

सुरुवात बहुधा उद्घाटनाने होते. आमदार, माजी आमदार, सरपंच, देणगीदार यांचे सत्कार आणि भाषणे होतात. मग नांदी होऊन नाटक सुरू होते. बहुतेक कथा कौटुंबिक असतात. दुभंगलेले घर, हुंडा, व्यसन, सावकारी, शेतकऱ्याची कोंडी हे विषय वारंवार येतात. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्या ‘आत्महत्या’सारख्या नाटकाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय या मंचावर आणला. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने नट स्वतः गातात. चांगल्या पदाला वन्समोअर मिळतो. गंभीर प्रवेशानंतर विनोदी प्रवेश येतो आणि त्यात झाडीबोली रंगते. मधेमधे लावणी किंवा नृत्य असते. हंगामात मंडळी रोज नव्या गावात प्रयोग करतात. तालमींना वेळ कमी मिळतो, त्यामुळे प्रॉम्प्टरवर बरीच भिस्त असते. वाक्य आधी पडद्याआडून येणार, मग नटाच्या तोंडून, याचाही नाटकाच्या गतीवर परिणाम होतोच.

संथ गतीवर आक्षेप काय?

पहिला आक्षेप असा की, ज्या अडचणीतून रात्रभराचे नाटक जन्माला आले ती अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. घरोघरी दुचाकी आहे, रस्ते झाले आहेत, पाहुणा नाटक अर्ध्यावर सोडून घरी जाऊ शकतो. दुसरा आक्षेप कथेबद्दलचा. पहिल्या अंकात खलनायक कोण आणि शेवटी काय होणार हे कळते, मग मधले चार तास कशासाठी? एकच दुःख संवादात, मग पदात आणि पुन्हा स्वगतात सांगितले जाते. तिसरा आक्षेप सर्वांत तीव्र आहे. कथेत जीव नसला की तिची जागा नृत्याने भरली जाते. नायिकेच्या घरी मयत झालेली असताना पुढच्याच प्रवेशात विनाकारण लावणी येते, तेव्हा नाटक संथ होत नाही, ते थांबते. कुटुंबासह बसून पाहता येणार नाही अशा नृत्यांवर जुन्या रसिकांचा रोष आहे. तरुणांचा प्रश्न वेगळा आहे. मोबाइलवर त्यांना हवे तेव्हा पुढे सरकवता येणाऱ्या कथा मिळतात, मंचावरची कथा पुढे सरकवता येत नाही.

मग संथ नाटकाच्या बाजूने काय म्हटले जाते?

येथील प्रेक्षक नाट्यगृहातल्यासारखा अंधारात गप्प बसलेला नसतो. तो गोधडी, चादर घेऊन कुटुंबासह येतो. लहान मूल मांडीवर झोपते, कोणी चहाला उठतो, कोणी उशिरा येतो, मागच्या रांगेतल्याला सारे दिसतेच असे नाही. अशा प्रेक्षकासाठी कथा घाईत सांगितली तर ती हातून निसटते. पुन्हा पुन्हा आठवण करून देत पुढे जाणे हा त्या सांगण्याचा भागच आहे. शिवाय गावातल्या कित्येकांसाठी वर्षात नाटक पाहण्याच्या रात्री दोन-चारच. वर्षभर शेतात राबलेल्या बाईला ती रात्र लवकर संपावी असे का वाटावे? शेवट माहीत असण्याचाही मुद्दा फारसा टिकत नाही. ‘एकच प्याला’मध्ये सुधाकराचे काय होणार हे सर्वांनाच ठाऊक असते. प्रेक्षक शेवट जाणून घ्यायला आलेला नसतो. त्या घराबरोबर रात्रभर राहायला, त्यांच्याबरोबर हसायला-रडायला तो आलेला असतो.

संथ आणि रेंगाळलेले यात फरक काय?

वादात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, तिथेच गल्लत होते. संथ प्रवेशात घटना कमी असतात, पण माणूस उलगडत जातो. बापाने शेत गहाण टाकल्याचे मुलीला सांगायला दहा मिनिटे घेतली आणि त्या दहा मिनिटांत त्याची लाज, राग, हतबलता दिसली, तर कोणी उठून जात नाही. रेंगाळलेल्या प्रवेशात प्रेक्षकाला आधीच समजलेले पुन्हा सांगितले जाते किंवा कथेशी संबंध नसलेले काही घुसवले जाते. कसोटी सोपी आहे. प्रवेश काढून टाकला तर पुढच्या प्रवेशाचे काही बिघडते का? बिघडत असेल तर तो लांब असला तरी हवा. बिघडत नसेल तर तो पाच मिनिटांचा असला तरी जास्तच. विनोदी प्रवेशालाही हीच कसोटी लागते. चांगला विनोदी नट रडवणाऱ्या प्रवेशाआधी मन हलके करतो, म्हणून त्याचा प्रवेश कथेचाच भाग ठरतो. ‘एकच प्याला’मधला तळीराम हसवतो आणि सुधाकराच्या अधःपतनाची वाटही दाखवतो.

पुण्या-मुंबईत हा प्रश्न कसा सुटला?

तेथेही कधीकाळी नाटके रात्रभर चालत. बालगंधर्वांच्या काळात पाच अंकी संगीत नाटके, पदांची आलापी आणि वन्समोअर यांमुळे प्रयोग उत्तररात्रीपर्यंत, कधी पहाटेपर्यंत जात. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला. कमी वेळात, कमी पैशात कथा आणि गाणी मिळू लागली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने आटोपशीर, वास्तववादी नाटकाची वाट दाखवली. पुढे शेवटची लोकल, नाट्यगृहाचे ठरलेले सत्र यांनी नाटक अडीच-तीन तासांत बसवले. म्हणजे तेथेही केवळ रुची बदलली असे नाही, परिस्थिती बदलली. झाडीपट्टीत तो बदल उशिरा पोहोचला एवढेच. या बदलात आटोपशीरपणा मिळाला, पण पाच अंकी संगीत नाटक हा जिवंत व्यवसाय मात्र मागे पडला, हेही विसरता येत नाही.

इतरत्र असा वाद आहे का?

कर्नाटकच्या किनारपट्टीवरील यक्षगान परंपरेने रात्रभर चाले. आता तेथे ठरावीक वेळेत संपणारे ‘कालमिती’ प्रयोगही होतात आणि त्यावरून रसिकांत असेच मतभेद आहेत. हा वाद जुन्या लोककलांपुरताही नाही. जपानमध्ये डिसेंबर १९९९ मध्ये आलेल्या ‘शेनमू’ या साहसी व्हिडीओ गेमचे उदाहरण बोलके आहे. यु सुझुकी यांच्या या मालिकेत वडिलांच्या खुन्याचा शोध घेणारा तरुण नायक आहे. पण खेळाडूचा बराच वेळ गल्लीबोळांत चौकशी करण्यात, ठरलेली वेळ होईपर्यंत थांबण्यात, गोदीवर मालवाहू गाडी चालवण्याची नोकरी करण्यात जातो. काहींना हा कंटाळा वाटला, काहींना तेच त्या गेमचे वैशिष्ट्य वाटले. दुसरा भाग २००१ मध्ये आला आणि मग मालिका थांबली. २०१५ मध्ये तिसऱ्या भागासाठी लोकवर्गणी मागताच ६९ हजारांहून अधिक चाहत्यांनी ६३ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. २०१९ मध्ये तिसरा भाग आला, तरीही नायकाचा सूड अपुराच राहिला आणि चाहत्यांत पुन्हा फूट पडली. संथपणासाठी अठरा वर्षे थांबलेल्यांनाही कथा पुढे सरकावी असे वाटत होते. संथ कथेचा प्रेक्षक असतो आणि तो निष्ठावानही असतो, पण त्याचा संयम गृहीत धरता येत नाही.

लांबी कमी केली तर कोणाचे काय जाईल?

गावातील मंडळ ठरलेली रक्कम देऊन नाटक आणते आणि तिकीटविक्रीतून खर्च भरून काढते. फायदा झाला तर गावाच्या कामाला लागतो, तोटा झाला तर वर्गणीतून भरावा लागतो. अनेक गावांत एकाच रात्री दोन-तीन नाटके असतात. अशा वेळी ‘रात्रभर’ हा शब्दच जाहिरात असतो. मध्यरात्री संपणारे नाटक आणले तर प्रेक्षक दुसऱ्या मंडपात जाईल, ही मंडळाची भीती. गायक, वादक, नर्तिका, विनोदी नट यांचीही भीती खरीच आहे, कारण लांबी कमी करताना पहिली कात्री त्यांच्यावर चालते. हा व्यवसाय आधीच नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पटाच्या निमित्ताने जमणारी गर्दी आटली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळेपर्यंत मंडईचाच मुख्य आधार होता. त्यातच करोनाने २०२०-२१चा हंगाम हिरावला. दुसरीकडे ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सूट देता येते. रात्री दहानंतर सुरू होणाऱ्या नाटकासाठी हा नियम कायमची टांगती तलवार आहे.

पुढे काय होऊ शकते?

रात्रभराचे नाटक सरसकट बंद करणे किंवा आहे तसेच चालू ठेवणे, एवढे दोनच पर्याय नाहीत. सत्कार आणि भाषणे नाटकाआधी वेगळ्या वेळी उरकली तर कथेला हात न लावता वेळ वाचतो. कथेशी संबंध नसलेली नृत्ये गाळली तर कुटुंबे पुन्हा पुढच्या रांगेत बसतील. हंगामापूर्वी तालमी वाढल्या तर प्रॉम्प्टरची वाट पाहण्यात जाणारा वेळ कमी होईल. शहरातील नाट्यगृहासाठी किंवा महोत्सवासाठी तेच नाटक अडीच-तीन तासांत बसवावे लागते. त्यातून कोणते प्रवेश खरोखर अपरिहार्य आहेत हे लेखकालाही कळते. मात्र तीच संहिता गावातल्या मंडपासाठी सक्तीची करण्याचे कारण नाही.

पूर्वी प्रेक्षक पहाटेपर्यंत थांबे, कारण त्याला दुसरीकडे जाता येत नव्हते. आता दुचाकी मंडपाबाहेर उभी असते आणि तरीही जो थांबतो तो नाटकासाठी थांबतो. म्हणून घड्याळात किती वाजले यापेक्षा रात्री दोननंतर मंडपात किती माणसे जागी आहेत, हे मंडळांनी मोजायला हवे. पुढच्या वर्षी त्या गावात नाटक ठरणार की नाही, हे त्यावरच अवलंबून राहील.