शिक्षकांचे सामाईक कोठार

विद्या दिल्याने वाढते, असे आपण मुलांस शिकवितो; परंतु प्रत्यक्ष शिक्षकाच्या टाचणवहीची गती आजवर निराळीच होत आली. पंचवीस वर्षे खपून सिद्ध केलेली टाचणे निवृत्तीनंतर माळ्यावर चढावयाची आणि नव्या शिक्षकाने पुन्हा श्रीगणेशा करावयाचा! ज्या घरांत दोन पिढ्या शिक्षकी पेशात गेल्या, त्यांस हे सांगावयास नको.

आता ही टाचणे इंटरनेटवरील सामाईक कोठारात ठेवण्याची सोय झाली आहे. एनसीईआरटीने २०१३ साली असे एक भांडार उघडले. पुढे ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' सुरू झाले. पाठ्यपुस्तकांवर छापलेले चौकोनी क्यूआर संकेत ही त्याचीच दारे होत. ही कल्पना आपल्याकडे प्रथम राबविणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले हे होते. २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळताच त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली.

बुलढाणा जिल्ह्यापुरता विचार करू. लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. जून २०२० मध्ये तेथील खारे पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. हा पाठ लोणारच्या शिक्षकाने काठावर उभे राहून टिपलेल्या छायाचित्रांसह रचावा, हेच उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवर तो धाडता येतोच की, असे कोणी म्हणेल. येतो खरा, पण चार दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली गडप होतो. कोठारात इयत्ता व विषय लावून ठेवलेला पाठ दहा वर्षांनीही सापडावा, अशी अपेक्षा असते.

मात्र खरा लाभ फेरफाराच्या मुभेत आहे. अशा ठिकाणी बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा परवाना चालतो. कर्त्याचे नाव राखून कोणीही पाठ उतरून घ्यावा आणि परवाना तसा असल्यास बदलावाही. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलणारी कुटुंबे आहेत. या भाषेचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुलाशी निश्चित जुळलेले नाही. तेथल्या मुलांसाठी लोणारचाच पाठ त्यांच्या बोलीत कोणी मांडू म्हणेल, तर त्यास परवानगीसाठी पत्रे लिहीत बसावे लागू नये.

येथे एक सावधगिरी. १९५७ च्या कायद्याने शिक्षकास अध्यापनापुरती दुसऱ्याच्या लेखनाची प्रत काढण्याची सवलत दिली आहे. तेच लेखन सार्वजनिक कोठारात चढविणे निराळे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभी मुक्त झाली. नव्या आवृत्तीतील प्रस्तावना व चित्रे मात्र तपासून घ्यावीत. त्यांचा धनी दुसरा असू शकतो.