चमचाभर सिरपचा हिशेब

परासियाच्या मुलांची बातमी बालाघाटात परक्या मुलखाची म्हणून कोणी वाचली नसेल. लांजी असो, वाराशिवनी असो की कटंगी, आजार हाताबाहेर गेला की इथली माणसेही गोंदिया गाठतात आणि तिथून नागपूर. छिंदवाडा जिल्ह्यातली ती लेकरेही मूत्रपिंडे बंद पडलेल्या अवस्थेत नागपूरलाच नेली गेली. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुले गेली. त्यानंतर चर्चा झाली ती सिरप बनवणाऱ्या कांचीपुरमच्या कारखान्याची, अटकेची आणि परवान्याची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला: साध्या सर्दी-खोकल्याच्या त्या मुलांना हे सिरप द्यायची गरज होती का? माझ्या मते नव्हती, आणि या प्रकरणाचा खरा धडा तिथेच आहे. कुठल्याही उपचारातला धोका त्याच्या फायद्याशी ताडून पाहायचा असतो. केमोथेरपीचे भयंकर दुष्परिणाम आपण पत्करतो, कारण समोर कर्करोग असतो. लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो आणि आपोआप बरा होतो; त्यात अशा सिरपांतल्या मिश्रणांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. फायदाच नसेल, तर लाखात एखादाच धोकासुद्धा जास्तच ठरतो.

हे कळायला परासियापर्यंत थांबायची गरज नव्हती. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच बजावले होते. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती, सोबत पॅरासिटामॉल. दगावलेल्यांत बहुतेक मुले पाच वर्षांखालची होती.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, आणि त्यात तथ्यही आहे, की मुले औषधाने नव्हे, भेसळीने गेली. तमिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. चालते ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. हे कारखान्यात वापरायचे द्रावक गोडसर, घट्ट आणि स्वस्त असते. औषधात वापरायच्या प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखेच दिसते, म्हणून ड्रम बदलला तरी डोळ्यांना कळत नाही. शरीरात त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मारते. पण याच कारणाने आक्षेप उलटतो. बाटलीतले द्रावण शुद्ध आहे की नाही, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही, मेडिकलवाल्याला नाही आणि आईला तर नाहीच. त्यांच्या हातात एकच गोष्ट असते: ते द्यायचे की नाही.

'असे क्वचितच घडते' हा दुसरा युक्तिवाद. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची आठवण असणाऱ्यांनी तो ऐकून घेऊ नये. १९८६च्या सुरुवातीला तिथे ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. विष हेच. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्या मृत्यूंचा माग काढत खरेदी, तपासणी, एफडीए आणि मंत्रालय अशी सगळी साखळी उघडी केली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. त्या अहवालाइतका परखड दस्तऐवज आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल. तरीही १९९८मध्ये गुरगावात आणि २०१९-२०मध्ये जम्मूच्या रामनगरात मुले याच विषाने गेली. २०२२मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूनंतर जागतिक आरोग्य संघटनेला भारतीय सिरपांविरुद्ध इशारा द्यावा लागला. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीला अपवाद म्हणता येत नाही. प्रत्येक ड्रम वापरण्याआधी तपासायचा, एवढे सोपे काम. ते कांचीपुरमच्या कारखान्यात झाले नाही, आणि तिथल्या साडेतीनशेहून अधिक त्रुटी मुले गेल्यावरच नोंदल्या गेल्या.

आता उरतो तो सर्वांत प्रामाणिक आक्षेप: रात्रभर खोकणाऱ्या लेकराच्या आईला 'काही देऊ नका' असे कसे सांगायचे? तर तसे सांगायचेच नाही. कोमट पाणी, अंगावरचे दूध, नाक साफ करण्यासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला चमचाभर मध द्यावा; वर्षाखालील बाळाला मध मुळीच नको. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा मूल पीत नसेल, तर सिरपची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सिरप आधीच दिले असेल आणि उलट्या सुरू होऊन लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. निघताना ती बाटली फेकू नका. सोबत घ्या आणि तिच्यावरचा बॅच क्रमांक डॉक्टरांना दाखवा.