मालक बदलतो, बोजा बदलत नाही!

सोलापूर : जुळे सोलापूरमधील सदनिका किंवा होटगी रस्त्यावरील भूखंड पसंत पडला, की सारी चर्चा भावाभोवती फिरते. मिळकतीवर कोणाचे देणे आहे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. गहाण मिळकत विकली म्हणून गहाण सुटत नाही. कर्ज विक्रेत्याने घेतलेले असले, तरी जप्तीची नोटीस खरेदीदाराच्या दारावर लागू शकते.

बोजा म्हणजे केवळ बँकेचे कर्ज नव्हे. विकास सोसायटीचे पीककर्ज, न्यायालयाची जप्ती, शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क आणि महापालिकेचा थकीत मालमत्ताकर ही त्याचीच रूपे होत. सोसायटीच्या कर्जाची नोंद सातबारा उताऱ्यावरील 'इतर अधिकार' या रकान्यात आढळते. शहरातील मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन पाहावी लागते. वकील साधारणतः मागील ३० वर्षांच्या नोंदी तपासून शोध अहवाल देतात.

तथापि, उतारा कोरा म्हणजे मिळकत निर्वेध, असे समजणे धोक्याचे आहे. मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवूनही गहाण निर्माण होते. अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांत दाखल करण्याचे बंधन महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून लागू झाले. त्याआधीची गहाणे सूचीत सापडतीलच असे नाही. म्हणून केवळ झेरॉक्स प्रतींवर विसंबू नये. मूळ खरेदीखत प्रत्यक्ष पाहावे.

वेगळा करार नसल्यास विक्रीच्या वेळचे बोजे विक्रेत्याने फेडावेत, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ सांगते. परंतु पैसे दिल्यानंतर हा हक्क बजावायचा, तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा ठरलेल्या किमतीतून देण्याची रक्कम परस्पर बँकेत भरणे श्रेयस्कर.

कर्ज फिटताच बँकेचा नादेय दाखला घेऊन तलाठी वा नगर भूमापन कार्यालयातील बोजाची नोंद कमी करून घ्यावी. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाईची तरतूद १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आयुष्यभराची पुंजी घरात गुंतवण्यापूर्वी एवढी चौकशी केलीच पाहिजे.