धान घरी आले की उघडतो पडदा : झाडीपट्टीचा नाट्यहंगाम कसा उभा राहतो?

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात, दिवाळी जवळ आली की दोन कामांची लगबग एकाच वेळी सुरू होते. शिवारात धानाची कापणी चालते आणि गावात नाटकाच्या तारखा ठरू लागतात. भाऊबीजेच्या सुमारास सुरू होऊन होळीपर्यंत चालणारा झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम आता तोंडावर आला आहे. कायमस्वरूपी नाट्यगृहाशिवाय, तिकीट लावून, रात्रभर चालणारी ही रंगभूमी कशी तग धरून आहे, हे समजून घेण्यासाठी तिचा व्यवहार पाहावा लागतो. येथे नाटक कंपनी सादर करते. मात्र प्रयोगाची जोखीम गाव उचलते.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील जंगल आणि धानशेतीचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. झाडी म्हणजे जंगल. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांची येथे जुनी परंपरा आहे. त्याच मातीत शंभराहून अधिक वर्षांपासून नाटकही रुजले. खरिपाचे धान कापून झाले की बांध्या मोकळ्या होतात, जमीन कोरडी होते आणि तिथेच मंडप उभारता येतो. पीक घरी आल्याने हाती थोडा पैसाही असतो. हंगामाचा आरंभ दिनदर्शिकेपेक्षा पिकाशी बांधलेला आहे तो यामुळेच.

या व्यवहाराचे केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, अर्थात वडसा. येथे नाट्यकंपन्यांची कार्यालये आहेत. गावोगावच्या मंडळांचे प्रतिनिधी तेथे येतात, नाटकाचा विषय आणि कलावंतांची नावे पाहतात, तारीख व रक्कम ठरवतात आणि विसार देतात. त्यानंतर मैदान, मंडप, परवानग्या आणि तिकीटविक्री ही सारी जबाबदारी मंडळाची असते. प्रेक्षक आले तर शिल्लक रक्कम गावाच्या कामी येते; न आले तरी कंपनीला ठरलेले पैसे द्यावेच लागतात. ऐन प्रयोगाच्या दिवशी अवकाळी पाऊस झाला, तर तोटा मंडळाच्या सदस्यांच्या माथी बसतो. त्यामुळे कोणते नाटक ठेवायचे, याचा निर्णय गाव विचारपूर्वक घेते.

नाटकाची तारीख म्हणजे गावाचा सणच. मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांना जोडून प्रयोग ठेवण्याची पद्धत आहे. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, घरोघरी पाहुणचार होतो. नात्यातील मंडळी एकत्र जमल्याने लग्नाच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात. म्हणून तिकिटाचा खर्च अनेक कुटुंबे करमणुकीबरोबरच नातेसंबंधांचा खर्च म्हणूनही पाहतात.

प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. हुंडा, व्यसन, कर्जबाजारी शेतकरी, भावाभावांतील वाटणी असे कौटुंबिक व सामाजिक विषय कथानकात असतात. वादक रंगमंचालगत बसून साथ करतात आणि गाणी, नृत्ये कथानकात गुंफलेली असतात. गंभीर प्रसंगांमागोमाग विनोदी पात्र येते आणि झाडीबोलीत प्रेक्षकांशी जणू थेट संवाद साधते. आज या गावी, उद्या त्या गावी, अशा सलग प्रयोगांत तालमीला वेळ थोडाच मिळतो. अशा वेळी प्रॉम्प्टरची साथ मोलाची ठरते.

अनेक कलावंत मूळचे शेतकरी किंवा शेतमजूर आहेत. होळीनंतर पडदा मिटला की ते पुन्हा शेतीकडे वळतात. यातीलच एक ज्येष्ठ विनोदी कलावंत, कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा या रंगभूमीची दखल देशपातळीवर घेतली गेली.

मात्र सन्मानाने हंगामाची अनिश्चितता संपत नाही. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्यावर शंकरपटाला जोडून होणाऱ्या प्रयोगांचे निमित्तच हरपले. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने राज्यात शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा दुरुस्त कायदा वैध ठरवला. दरम्यान मार्च 2020 मधील टाळेबंदी होळीनंतर आल्याने तो हंगाम जवळपास पूर्ण झाला होता. परंतु पुढचा हंगाम गर्दीवरील निर्बंधांत सापडला. कलावंत, वादक, मंडपवाले आणि मैदानाबाहेर चहा-फराळाची दुकाने लावणारे अशा सर्वांचीच मिळकत त्यात अडली.

येत्या हंगामाचे भवितव्यही अशाच साध्या गोष्टींवर अवलंबून राहील: धानाचा उतारा, त्याला मिळणारा भाव आणि कापणीच्या दिवसांतले आभाळ. देसाईगंजमध्ये विसार देऊन परतलेल्या मंडळांपुढे आता मैदान निश्चित करण्याचे आणि पाहुण्यांना निरोप धाडण्याचे काम आहे. हिशेब प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, मंडप उतरवताना होईल.