गावठाणातील घर आणि कर्ज

अवसरी खुर्दसारख्या गावी घर बांधू इच्छिणाऱ्या खातेदारापाशी शेताचा सातबारा असतो. गावठाणातील घर मात्र त्यात येत नाही. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा म्हणजेच मालकीचा दाखला, अशी पुष्कळांची समजूत आम्हांस आढळते. वस्तुतः तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद होय. आणि घर तारण घेणारी बँक मालकी पाहते.

सरकारने २०१६ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेत अनुदानाखेरीज ७०,००० रुपयांपर्यंत कर्जाची सोय ठेविली, पण ती बेघर वा कच्च्या घरातील कुटुंबांपुरती. इतरांस उपयोगी पडेल ती २०२० सालची स्वामित्व योजना : ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यावयाची. तिचा आरंभीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरीस झाला. चौकशीच्या वेळी घरधन्याने जातीने हजर राहून हिस्सेदार भाऊबंदांची नावे नोंदली गेली की नाही हे पाहावे. सुटलेले नाव पुढे तारणाच्या वेळी आडवे येते.